वरची हवा आधी पोहोचते

अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा. प्रश्न सातवा, गुण तीन:
विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते?
एकोणसाठ मुलांनी एकच उत्तर लिहिलंय, माझंच,
फळ्यावरून उतरवलेलं, माझ्या चुकलेल्या वेलांटीसकट:
पंख वरून फुगीर, म्हणून वरची वाट लांबची.
खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेत भेटायचं
म्हणून वरची हवा धावते, धावते म्हणून दाब कमी.
तिनांपैकी तीन. बावीस वर्षं देत आले.

साठावा पेपर सिद्धी कडलगचा.
तिने पेन्सिलीने एवढंच विचारलंय:
"मॅडम, भेटायचंच का? त्यांचं ठरलेलं असतं का काही?"

तेवढ्यात ओझरच्या धावपट्टीवरून सुखोई उठलं.
स्टाफरूमची तावदानं थरथरली,
चहावरची साय सुरकुतली.
वर जाऊन ते उताणं झालं, पोट आभाळाकडे,
आणि तसंच गेलं पिंपळगावच्या द्राक्षबागांवरून.
पडलं नाही.
माझ्या फळ्यावरचं पडायला हवं होतं.

येवल्याला मामाच्या गच्चीवर आसारी माझ्या हातात असायची.
पतंग म्हणजे कागद. सपाट. वरून किती, खालून किती,
दोन्ही वाटा सारख्याच.
मामा फक्त कन्नी बांधायचा, दोन बोटं इकडे, एक तिकडे,
आणि पतंग वाऱ्याला कलून उभा राहायचा.
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असून मी पुस्तक उघडलं होतं.

आणि नाना. पुंजाराम गायखे, शीटमेटल शॉप.
तीस वर्षं पंखाच्या पत्र्यावर रिबिटा मारल्या,
डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं.
लिफ्ट म्हणजे त्यांच्या लेखी दवाखान्यातली, बंद पडलेली.
पण दहाव्या मैलाजवळ एसटीने वेग घेतला
की माझं मनगट धरून हात खिडकीबाहेर काढायचे.
"तळवा आडवा ठेव. आता पुढची कड जराशी उचल.
काय होतंय?"
"हात वर चाललाय, नाना."
"कोण नेतंय?"
"वारा."
"आणि वाऱ्याचं काय होतंय?"
हे मात्र मला सांगता यायचं नाही.
ते माझ्या कोपराखाली बोट धरायचे:
इथे खाली, बघ, जोराने लागतोय की नाही.
तू त्याला खाली वळवतेस,
त्या बदल्यात तो तुला वर ढकलतो.
फुकट कोण उचलतं.

मी हावरटासारखा तळवा अजून उभा करायची.
मग हात नुसताच मागे फेकला जायचा, धप्प.
"जास्त कललं की वारा पाठीला चिकटून राहत नाही.
सुटतो. मग विमान दगड."

काल रात्री धुराच्या रेषांचं चित्रीकरण पाहिलं,
वाऱ्याच्या बोगद्यातलं, आवाज नसलेलं.
धुराचा एक पट्टा पंखाच्या नाकाशी दुभंगला.
वरचा अर्धा पाठीला धरून वळला, घाई करत,
आणि मागच्या कडेशी आधी पोहोचला.
बराच आधी. थांबला नाही.
खालचा मागाहून आला आपल्या चालीने.
त्यांची भेट झालीच नाही.
दोघेही किंचित खाली झुकून पुढे गेले,
आणि तेवढ्या झुकण्यावर पंख तरंगत होता.
मी ते चारदा लावून पाहिलं.
नाना असते तर म्हणाले असते, एवढ्यासाठी वीज जाळलीस.

सिद्धीला तीन दिले.
एकोणसाठांचे तीन कसे काढून घेऊ, चूक माझी आहे.
तीनच ठेवले, आणि समासात लाल शाईने लिहिलं:
उद्या हे उत्तर पुसायचं आहे.
एकोणसाठदा लिहिलं. वेलांटी या वेळी बरोबर.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली.
दहावा मैल मागे पडला, गाडीने वेग घेतला,
मी तळवा आडवा बाहेर धरला, कड जराशी उचलली.
बोटांखालून काहीतरी गार, जड
खाली आडगावकडे वळत गेलं
आणि पन्नाशीचा हात हलका झाला.

"मॅडम," कंडक्टर म्हणाला, "शिकवता ना तुम्ही?
हात आत घ्या."